गाडी सध्या कुठे आहे

गाडी : युट्रेख्टमध्ये, वीबच्या दारात.
मालक : वीब.

गाडी घ्यायला निघताना अंबरीशच्या सॅकमध्ये पासपोर्टच्या चार झेरॉक्स, रेसिडेन्स कार्डाच्या चार झेरॉक्स, पगाराच्या तीन स्लिपा, भाडेकरार, पासपोर्ट साइजचे आठ फोटो आणि गोंदाची एक कांडी एवढा ऐवज होता. त्याच्या बायकोनं, श्रुतीनं, गोंदाच्या कांडीकडे एकदा बघितलं आणि मग युट्रेख्ट येईपर्यंत ट्रेनच्या खिडकीबाहेर बघत राहिली.

वीब हा श्रुतीच्या विद्यापीठातला निवृत्त प्रोफेसर. दर वर्षी थंडी पडायच्या आत तो आपली कॅम्पर, म्हणजे आत झोपायची सोय असलेली व्हॅन, घेऊन पोर्तुगालला पळायचा. यंदा पळण्यापूर्वी त्याला तेरा वर्षांची, फिकट हिरव्या रंगाची छोटी गाडी विकायची होती. उद्या रविवारी तो निघणार होता.

गाडी दाखवताना वीब म्हणाला, "मागचा डावा दरवाजा थंडीत उघडत नाही. रेडिओवर एकच स्टेशन लागतं आणि ते वाईट आहे. इथे पोचा आहे, तो माझ्या बायकोनं पाडला. हा दुसरा मी पाडला, पण आम्ही तिचाच सांगतो."

अंबरीश अस्वस्थ झाला. विकणारा स्वतःहून एवढे दोष सांगतो, म्हणजे काहीतरी फार मोठं लपवत असणार. त्यानं गाडीला तीन फेऱ्या मारल्या, खाली वाकून बघितलं, एका टायरला हलकेच लाथ मारली. काही सापडलं नाही. तेव्हा त्यानं गाडीचा फोटो काढून मित्रांच्या ग्रुपवर टाकला.

ही गाडी आईसाठी होती. अंबरीशची आई, कुमुदिनीबाई, जूनच्या अखेरीस चिंचवडहून इथे, नीउ-व्हेनेपच्या त्यांच्या घरी आली होती आणि आता दहा दिवसांनी, मंगळवारच्या विमानानं परत जाणार होती. तिचे गुडघे चारशे पावलं साथ देत. सायकल बाद, बस बदलणं बाद. एकदा टॅक्सीनं नेलं, तर ती अर्धा रस्ता बाहेर न बघता मीटरकडेच बघत बसली आणि म्हणाली, "वळव रे, बघून झालं." समुद्र पंचवीस किलोमीटरवर होता आणि तिनं अजून पाहिला नव्हता. गाडी आज घ्यायची आणि उद्या तिला समुद्रावर न्यायची, एवढा साधा बेत होता.

मग फोन वाजला. ग्रुपवर रविकांतचं उत्तर आलं होतं.

"अभिनंदन!! पण पक्ष चालू आहे ना? काकू चालेल म्हणाल्या का?"

गाडी : तिथेच.
मालक : अजून वीब, पण आता त्याला शंका येऊ लागली आहे.

"अगं, पितृपंधरवडा!" अंबरीश कपाळाला हात लावून म्हणाला. "आपण कसं विसरलो?"

"जुनी गाडी आहे रे," श्रुती म्हणाली. "तेरा वर्षांची. नवीन वस्तू कुठाय यात?"

"आपल्याला नवीनच ना."

"मग आईंना फोन लाव आणि विचार."

"विचारलं तर ती नाही म्हणेल. बाबा गेल्यापासून तिचं हे सगळं वाढलंय."

"आणि हो म्हणाल्या तर?"

"तर माझं मन मोडायला नको म्हणून म्हणेल. ते जास्त वाईट."

श्रुतीचा विषय संख्याशास्त्र. ती म्हणाली, "म्हणजे कुठलंही उत्तर आलं तरी तुझ्या कामाचं नाही. मग तू विचारूच नकोस, छान."

ती चिडून म्हणाली होती. अंबरीशनं ते मनावर घेतलं.

घटस्थापना पुढच्या सोमवारी होती. आई मंगळवारी जाणार. सोमवारचा एक अख्खा दिवस हातात होता. सोमवारी रजा काढायची, सकाळी गाडी घरी आणायची, हार घालायचा आणि तसंच समुद्रावर जायचं. प्रश्न फक्त तोपर्यंतच्या नऊ दिवसांचा होता.

त्यानं वीबला सगळं समजावून सांगितलं.

"तुमचे पूर्वज या गाडीवर नाराज होतील?" वीबनं विचारलं.

"गाडीवर नाही. वेळेवर."

"वेळ पाळणारे पूर्वज," वीब मान हलवत म्हणाला. "हे मला समजतं. पण मी उद्या निघतो."

"मग असं करू या. मी गाडी आज नेतो. नावावर नंतर करू."

वीब एक पाऊल मागे सरकला. "आणि मधल्या काळात तुम्ही कुणाला धडकलात तर?"

"नाही धडकणार. पुण्यात मी चार वर्षं एका मित्राच्या काकाची स्कूटर चालवली. काका तर कॅनडात होते."

"काकांना माहीत होतं?"

अंबरीशनं आठवून बघितलं. हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं.

वीबनं अतिशय सौम्य आवाजात सांगितलं की गाडी ज्याच्या नावावर, दंड त्याला, विमा त्याचा, रस्त्याचा कर त्याचा; त्यामुळे आधी काउंटर, मग किल्ली. हवं तर दुसऱ्या कुणाला विकतो, दुपारी एक जण येणार आहे.

"ठीक आहे, आजच नावावर करू," अंबरीश घाईनं म्हणाला. "पण गाडी नऊ दिवस इथेच, तुमच्या दारात राहू दे."

"या रस्त्यावर उभं राहायचा परवाना गाडीच्या नंबराला आणि माझ्या नावाला जोडलेला आहे. नाव बदललं की परवाना संपला. आणि इथे स्कॅन करणारी गाडी फिरते. ती नंबरांचे फोटो काढत जाते." वीबनं घड्याळ बघितलं. "शनिवारी ती जोरात असते."

गाडी : पोस्टाच्या काउंटरसमोर.
मालक : ठरायचाय. आधी विमा. अंबरीश फोनवर.

"गाडी रात्री कुठे उभी असेल?"

"घरी. म्हणजे सोमवारपासून. या नाही, पुढच्या."

"तोपर्यंत गॅरेजमध्ये?"

"नाही."

"रस्त्यावर?"

"हो. पण कुठल्या, ते ठरायचंय."

"तुम्ही स्वतः घरी राहता ना, सर?"

"मी राहतो. गाडी नाही."

कीबोर्डचा आवाज थांबला. पलीकडच्या बाईंच्या प्रशिक्षणात हे आलं नसावं.

"मी तुमच्या घरचा पत्ता लिहिते," त्या शेवटी म्हणाल्या.

"लिहा. कागदावर घरी आली तर चालत असावं."

काउंटर एका मासिकांच्या आणि सिगारेटींच्या दुकानात होतं. काउंटरवरच्या मुलीनं अंबरीशचं ड्रायव्हिंग लायसन्स मागितलं, वीबकडून नोंदणीचं कार्ड आणि नऊ आकडी कोड घेतला, कळफलकावर बोटं चालवली, लायसन्स परत दिलं आणि म्हणाली, "अभिनंदन."

"आणि फोटो?" अंबरीशनं सॅक उघडली.

"कसले फोटो?"

"झेरॉक्स तरी?"

तिनं श्रुतीकडे बघितलं. श्रुती मासिकं चाळत होती. पाच मिनिटांत एवढा मोठा माणूस गाडीचा मालक झाला होता आणि कुणी कुठे शिक्कासुद्धा मारला नव्हता. नवं कार्ड चार-पाच दिवसांत टपालानं घरी येईल, तोवर हा कागद गाडीत ठेवा, असं तिनं सांगितलं. वीबला आता गाडीशी त्याचा संबंध उरला नाही, असा सुटकेचा कागद मिळाला. तो त्यानं घडी घालून खिशात ठेवला, वरून थोपटला आणि एकदम पोर्तुगालला पोचल्यासारखा दिसू लागला.

गाडी : रविकांतच्या दारात, होफडॉर्प.
मालक : अंबरीश. कायद्यानं, पूर्णपणे, आणि घराबाहेर.

रविकांत हा ग्रुपमधला असा माणूस होता, ज्याला विचारलं नसताना सगळं माहीत असे. अंबरीशची अडचण त्यानं डोळे मिटून ऐकली.

"मुळात घर म्हणजे काय, ते ठरव," तो म्हणाला. "गाडी घरी आणायची नाही, म्हणजे कुठपर्यंत नाही? दारापर्यंत? गल्लीपर्यंत?"

"तूच सांग."

"पूर्वी गावाला वेस असायची. इथे काय आहे? पोस्टकोड! पहिले चार आकडे तेच, तर घर तेच. आकडे बदलले की परगाव."

अंबरीशला हे पटलं, याचं श्रुतीला पुढे अनेक दिवस आश्चर्य वाटत राहिलं. कारण त्यांच्या वसाहतीतल्या सगळ्या गल्ल्यांत गाडी फुकट, दिवसरात्र उभी करता येत होती, आणि या एका वाक्यानं त्या सगळ्या गल्ल्या हातच्या गेल्या.

"पुढच्या सोमवारपर्यंत माझ्याकडे ठेव," रविकांत उदारपणे म्हणाला. "माझ्या दारात दोन गाड्यांची जागा आहे."

रविवारी दुपारी त्याच्या बायकोचा, अस्मिताचा, फोन आला. "भावजी, राग मानू नका. पण तुमच्याकडे पक्षात नको असलेली गाडी आमच्याकडे कशी चालेल हो? आमचे पितर काय सुट्टीवर आहेत?"

मागून रविकांतचा आवाज आला, "अगं, त्यांची गाडी आहे, आपली नाही!"

"दार आपलं आहे ना?"

या प्रश्नाला रविकांतकडे पोस्टकोड नव्हता.

गाडी : निळ्या पट्ट्याच्या आत.

कालव्यावरचा छोटा पूल ओलांडला की नीउ-व्हेनेपमधला दुकानांचा चौक लागे. पुलापलीकडे पोस्टकोडाचे आकडे बदलत. म्हणजे परगाव, आणि तरी घरापासून चालत तीन मिनिटांवर. अडचण एवढीच की तिथे जमिनीवर निळे पट्टे होते. काचेमागे निळी तबकडी लावायची, तिच्यावर आल्याची वेळ दाखवायची, आणि दोन तासांत जागा सोडायची. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. रात्री आणि रविवारी मोकळीक.

अंबरीशनं आठवडाभर घरून काम करायचं ठरवलं. स्लोटरडाइकच्या ऑफिसला त्यानं कळवलं की घरी आई आहे. ते खरंच होतं.

नऊ, अकरा, एक, तीन, पाच. दर दोन तासांनी तो बूट घालायचा.

"कुठे निघालास?" आई विचारायची.

"पाय मोकळे करून येतो."

"आत्ताच तर केलेस."

मग तो पूल ओलांडायचा, इकडेतिकडे बघायचा, गाडीत बसायचा, चौकाला एक चक्कर मारायचा, आणि बेकरीसमोरून निघालेली गाडी फुलवाल्यासमोर लावायचा. अकराला फुलवाल्यासमोरून औषधांच्या दुकानासमोर. एकला परत बेकरी. मंगळवारपर्यंत फुलवाला त्याला हात करू लागला. बुधवारी टीमची मीटिंग त्यानं गाडीतून घेतली. "अंबरीश, तुझ्या मागे सीटबेल्ट का आहे?" मॅनेजरनं विचारलं. "खुर्चीचा आहे," अंबरीश म्हणाला.

धोका एकच होता. सकाळी दहाच्या सुमारास आई काठी घेऊन हळूहळू पूल ओलांडायची आणि बेकरीजवळच्या बाकावर बसायची. तिथे एक डच आजीबाई यायच्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, त्यामुळे गप्पा छान रंगायच्या. अंबरीशचा हिशेब असा की गप्पांत रंगलेली आई चौकातल्या गाड्यांकडे बघणार नाही. तरीही तो अकराच्या फेरीला सुपरमार्केटच्या ट्रॉल्यांच्या शेडमागून वाकून जायचा.

हवेनं मात्र कमाल केली होती. सप्टेंबरात असं ऊन या देशात कुणी पाहिलं नव्हतं. आकाशात ढगाचा तुकडा नाही, वारा नाही. रोज जेवताना आई खिडकीकडे बघून म्हणायची, "काय सुरेख दिवस आहे. आज समुद्र मस्त असेल, नाही?"

अंबरीश आणखी भात वाढून घ्यायचा.

"विचार ना त्यांना!" स्वयंपाकघरात श्रुती दबक्या आवाजात म्हणायची.

"तू विचार."

"तुझी आई आहे. आणि पोस्टकोडही तुझाच."

गुरुवारी आईनं त्याला समोर बसवलं. "खरं सांग. तुला डायबेटिस निघालाय का?"

"नाही गं."

"मग दर दोन तासांनी कुठे जातोस? सिगारेट?"

"आई!"

"तुझे बाबाही असेच पाय मोकळे करायला जायचे. मला अकरा वर्षांनी कळलं," असं म्हणून ती भाजी निवडायला लागली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं की नाही, हे अंबरीशनं बघितलं नाही. तीन वाजले होते.

अंबरीशच्या फोनमधून, आईला न पाठवलेले निरोप.

आई, एक सांगायचं होतं. *(पुसला)*

आई, समजा एखादी वस्तू पक्षात घेतली, पण पक्षाच्या आधी ठरवलेली असेल *(पुसला; आधी ठरवलेली नव्हती)*

आई, वापरलेली वस्तू नवीन धरतात का गं? रविकांतच्या आईला हवंय *(पुसला, रविकांतच्या आईचा नंबर आईकडे आहे)*

आई, जेवलीस का? *(पाठवला. उत्तर : "तू समोर बसलायस.")*

गाडी : औषधांच्या दुकानासमोर.
गाडीचं कार्ड : सापडत नाही.

शुक्रवार आला तरी नोंदणीचं नवं कार्ड आलं नव्हतं. अंबरीशनं फोन करून चौकशी केली. कार्ड सोमवारी रवाना झालंय, आतापर्यंत नक्की पोचलं असेल, घरात कुणी उचललं असेल का, असं पलीकडच्या माणसानं नम्रपणे विचारलं. नाही मिळालं तर हरवल्याची नोंद करून दुसरं मागवावं लागेल.

अंबरीशनं जाहिरातींचा गठ्ठा उपसला. पायपुसणं उचलून बघितलं. शेजाऱ्यांना विचारलं. रद्दीच्या डब्यात डोकं घातलं.

"काय शोधतोयस?" आईनं विचारलं.

"चार्जर."

"रद्दीत?"

"कुठेही असतो तो."

"देवापाशी बघितलंस का?"

"आई, चार्जर देवापाशी कशाला असेल?"

"मी आपलं सांगितलं," म्हणून आई पुन्हा वाती वळू लागली.

त्या दुपारी अंबरीशला एक नवीन भीती वाटू लागली. सोमवारी मोठ्या थाटात आईला समुद्रावर न्यायचं, रस्त्यात पोलिसांनी थांबवायचं, आणि आईसमोर आपल्याकडे फक्त काउंटरवरचा तो एक कागद निघायचा. तो चालतो, असं सगळे म्हणत होते. पण त्या कागदावर शिक्का नव्हता, आणि शिक्का नसलेल्या कागदावर अंबरीशचा जन्मापासून विश्वास नव्हता.

शनिवारी दुपारी श्रुतीनं फोनवरचं हवामान त्याच्यासमोर धरलं. रविवार : ऊन. सोमवार : वादळ, किनाऱ्यावर ताशी शंभरचे वारे, समुद्राकडे जाऊ नये. मंगळवार : पाऊस. मंगळवारी तर विमानच होतं.

आठवडाभराचं ऊन अंबरीशनं निळ्या पट्ट्यांत घालवलं होतं. आता उरला होता एक रविवार, आणि तो होता सर्वपित्री अमावस्येचा. अख्ख्या पंधरवड्यातला सगळ्यात अवघड दिवस.

"चिंचवडला परत गेल्यावर तिला कुणी विचारलं ना," तो म्हणाला, "काय हो, तीन महिने राहिलात, समुद्र कसा आहे तिकडचा? तर ती म्हणेल, बघून झालं. टॅक्सीत म्हणाली तसं."

श्रुतीनं फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

गाडी : बेकरीसमोर. रविवार, सकाळ.

आईनं पहाटेपासून खपून खीर आणि वडे केले होते. नैवेद्य झाला. खिडकीबाहेरच्या कठड्यावर ठेवलेलं पान एका कावळ्यानं मिनिटभरात साफ केलं. अंबरीश सोफ्यावर हातपाय गाळून बसला होता. अकरा वाजून गेले.

"आज नाही गेलास?" आईनं विचारलं.

"कुठे?"

"गाडी फिरवायला. का रविवारी फिरवावी लागत नाही?"

स्वयंपाकघरातून श्रुती झारा हातात घेऊन बाहेर आली.

"कुठली गाडी?" अंबरीशनं विचारलं, आणि त्याचं त्यालाच ते फार केविलवाणं वाटलं.

आई काठी टेकत देवापाशी गेली. गणपतीच्या चांदीच्या मूर्तीखालून तिनं एक पाकीट काढलं. त्याच्यावर हळदीकुंकवाचं बोट होतं, एक फूल होतं आणि दोनचार अक्षता चिकटल्या होत्या. आत नोंदणीचं कार्ड होतं.

"मंगळवारी आलं टपालानं. तुझं नाव वाचता येतं मला, आणि नंबरही. गाडीचा कागद आहे एवढं कळलं, म्हणून आधी देवापाशी ठेवलं. मग बाकावर बसले, तर समोर तोच नंबर. पिवळ्या पाटीवर. आणि तू शेडमागून वाकत वाकत येतोयस."

"तू बघितलंस?"

"अरे, रोज बघते. ती म्हातारी आणि मी, आम्ही दोघी अकराच्या फेरीसाठीच थांबतो. तिनं परवा मला विचारलं, खुणेनं, की हा कोण येडा आहे. मी म्हटलं, माहीत नाही."

श्रुतीनं झाऱ्याआड तोंड लपवलं.

"पण मग बोलली का नाहीस?" अंबरीश जवळजवळ ओरडला.

"काय बोलू? तुम्ही पक्ष पाळताय, हे कळलं मला. जन्मात कधी एक एकादशी धरली नाहीस, आणि आता बापासाठी एवढं करतोयस. दर दोन तासांनी उन्हातान्हात. मला वाटलं, पहिल्यांदाच काहीतरी मनापासून पाळतोय पोरगा. आपण कशाला मोडा? रोज देवाला हात जोडत होते."

"आई, मी तुझ्यासाठी पाळत होतो!"

"माझ्यासाठी?" आई खाली बसली. "पान ठेवते तेवढंच. खरेदीला मी कधी पक्ष पाळला?"

"बाबा तर एवढे..."

"तुझे बाबा? अरे, तुझे बाबा मुद्दाम पक्षातच खरेदी करायचे! त्या दिवसांत दुकानांत चिटपाखरू नसतं. दुकानदार चहा पाजतो, हव्या त्या रंगाची वस्तू काढून देतो. आपला फ्रिज पक्षातला. शिलाई मशीन पक्षातलं. तुझी पहिली सायकल पक्षातली. दसऱ्याला आपण फक्त त्यांना हार घालायचो, म्हणून लोकांना वाटायचं दसऱ्याला आणल्या."

अंबरीशला त्याची लाल सायकल आठवली. झेंडूचा हार घातलेली. हार घालण्याआधी पंधरा दिवस ती जिन्याखाली चादरीत झाकलेली असायची, आणि त्यानं कधी का म्हणून विचारलं नव्हतं.

"आणि पितर म्हणजे तरी कोण आता?" आई म्हणाली. "तुझे बाबा, बाळासाहेबच ना? ते अडवणार आहेत होय गाडीला? त्यांना तर पुढच्या सीटवर बसायला हवं असेल."

श्रुतीनं वडे डब्यात भरायला सुरुवात केली होती.

गाडी : नूर्डवाइकचा किनारा.

वाटेत रेडिओवर ते एकच स्टेशन लागलं. ते खरोखर वाईट होतं. आईनं आवाज मोठा करायला सांगितला.

समुद्र करडा, सपाट आणि भलामोठा होता. तिघं किनाऱ्यावरच्या भिंतीपाशी बाकावर बसली. गाडी मागे दहा पावलांवर. आईनं काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाली, "अरबी समुद्रापेक्षा शांत आहे. लोकच तसे आहेत, तो काय करेल." तिनं वड्याचा तुकडा मोडला आणि अर्धा अंबरीशच्या हातावर ठेवला. बाळासाहेबांनी हा समुद्र बघून काय म्हटलं असतं, ते तिनं नकलेसकट करून दाखवलं. श्रुती हसून हसून वाकली. सूर्य पाण्यावर उतरू लागला तरी कुणी उठलं नाही.

तेवढ्यात अंबरीशच्या फोनवर पार्किंगची वेळ संपल्याची घंटा वाजली. तो सवयीनं ताडकन उभा राहिला. हातात किल्लीसुद्धा आली.

"बस," आई म्हणाली.

"पाच मिनिटं, आई. गाडी जरा पलीकडे..."

"सूर्य बुडायला दोन मिनिटं आहेत. बस म्हटलं ना."

तो बसला. मागच्या रस्त्यानं एक पांढरी गाडी हळूहळू येत होती. तिच्या टपावर कॅमेऱ्यांची गोल टोपी होती. ती उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीपाशी किंचित रेंगाळायची आणि पुढे सरकायची. अंबरीशनं मान वळवून बघितलं. सहा दिवस, पाच-पाच फेऱ्या, आणि एकही दंड नाही. हा विक्रम आता दहा पावलांवर आला होता.

"काय रे ते?" आईनं विचारलं.

"स्कॅन करणारी गाडी. सगळ्यांचे फोटो काढते."

"आपल्या गाडीचाही?"

"आता काढेल. आणि दंडाचं पत्र घरी येईल."

"मग काढू दे की. पहिला फोटो आहे तिचा." आईनं पदर सारखा केला आणि पुन्हा समुद्राकडे बघितलं. "आणि हे बघ, त्याचं पत्र आलं की मी नसेन. श्रुती, तू लक्षात ठेव. आधी देवापाशी ठेव, मग उघड."